पूर, दरड आणि याद्या : कोणती माहिती सर्वांसाठी, कोणती फक्त डॉक्टरांसाठी?

पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे जखमा, जुलाब, ताप आणि सर्पदंश घेऊन लोक येतात. त्यांच्या जोडीला आणखी एक मोठी रांग असते, ती म्हणजे ‘डॉक्टर, माझ्या गोळ्या वाहून गेल्या’ म्हणणाऱ्यांची. मग पुढचा संवाद साधारण असा होतो.

‘आजी, कसली गोळी होती?’

‘सकाळची एक बारकी पांढरी, आणि रातच्याला अर्धी गुलाबी.’

‘नाव आठवतंय का? जुना कागद, रिकामं पाकीट?’

‘सगळं चिखलात गेलं हो. तुम्हाला माहीत असेल ना, शहरातल्या डॉक्टरांनी दिलेली.’

बारकी पांढरी गोळी रक्तदाबाची असू शकते, साखरेची असू शकते, थायरॉईडची असू शकते किंवा रक्त पातळ ठेवणारी असू शकते. पहिल्या तीन बाबतीत तपासून, मोजून काही ना काही मार्ग निघतो. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाची रक्त पातळ करणारी गोळी पाच-सहा दिवस चुकली तर झडपेवर गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं, आणि चुकून दुप्पट डोस गेला तर रक्तस्राव होऊ शकतो. फिट्सची गोळी अचानक बंद झाली तर फिट येते. अशा वेळी औषधाचा पुरवठा दारात येऊन थांबलेला असतो, पण कुणाला काय द्यायचं हे कळत नाही.

म्हणून आज मी औषधाबद्दल न लिहिता माहितीबद्दल लिहितो आहे. संकटाच्या वेळी कोणती माहिती कुणाकडे असावी, कोणती सगळ्यांना दिसावी आणि कोणती अजिबात दिसू नये, हा प्रश्न कलेक्टर कचेरीचा आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो तुमच्या घरातल्या औषधांच्या पिशवीपासून सुरू होतो.

आपल्या भागाने काय पाहिलं आहे

महाड-पोलादपूरकरांना आपत्ती समजावून सांगायची गरज नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. २२ जुलै २०२१ ला तळियेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला, त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे दरडी पडल्या आणि महाड शहर पाण्याखाली गेलं.

या सगळ्या घटनांत एक गोष्ट समान होती. पहिल्या तासापासून कुणी ना कुणी याद्या करत होतं, आणि प्रत्येक वेळी यादीची अडचण वेगळी होती.

सावित्री पुलावरून दोन एसटी बस आणि एक जीप नदीत गेली. एसटीत आरक्षण केलं नसेल तर तिकिटावर नाव नसतं. वाटेत हात दाखवून चढलेला, मधल्या थांब्यावर उतरलेला, यांची नोंद कुठे असणार? अशा वेळी गाडीत कोण होतं याची यादी नातेवाइकांच्या फोनवरूनच तयार करावी लागते. ‘आमचा माणूस त्या गाडीने निघाला होता, अजून पोहोचला नाही.’ एकाच माणसासाठी भाऊ, मेहुणा आणि शेजारी असे तिघे फोन करतात आणि यादीत तीन माणसं होतात. एखादा एकटा राहणारा कामगार असेल तर त्याच्यासाठी कुणीच फोन करत नाही आणि तो यादीत येतच नाही.

तारिक गार्डनच्या वेळी सुरुवातीच्या काही तासांत आत अडकलेल्यांचे फार मोठे आकडे बोलले जात होते. बरेच जण वेळेत बाहेर पडले होते, काही त्या वेळी घरी नव्हते. अखेर मृतांची संख्या १६ झाली आणि दुसऱ्या दिवशी चार वर्षांचा एक मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. आत नेमकं कोण आहे हे कळणं का महत्त्वाचं, ते यावरून समजतं. जो बाहेर सुखरूप आहे त्याच्यासाठी ढिगारा उपसण्यात गेलेला वेळ आतल्या माणसाच्या वाट्याचा असतो.

तळियेत तर घटना घडली तेव्हा रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते, आणि बाहेरची मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यांपैकी अनेकांचे मृतदेह मिळालेच नाहीत. आता कोकणातल्या गावाचा विचार करा. मतदार यादीत नाव आहे, पण माणूस नालासोपाऱ्याला राहतो. रेशनकार्डावर सहा नावं आहेत, त्यातली दोन लग्न होऊन गेली आहेत. उलट पावसाळ्यात भात लावायला म्हणून मुंबईहून आलेला मुलगा कुठल्याच कागदावर नाही. त्या दुपारी घरात कोण होतं हे सरकारी यादी सांगू शकत नाही. ते सांगू शकतात शेजारी, पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडीताई.

सगळ्यांना दिसणारी माहिती कशी उपयोगी पडते

सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या माहितीला इंग्रजीत ‘ओपन डेटा’ म्हणतात. कुणीही पाहावी, वापरावी, पुढे द्यावी अशी ही माहिती. शब्द नवा वाटला तरी त्यातली कल्पना सोपी आहे.

१२ जानेवारी २०१० ला हैती देशात भूकंप झाला. राजधानीचा धड नकाशासुद्धा उपलब्ध नव्हता. तेव्हा वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक आपापल्या घरी संगणकासमोर बसले, उपग्रहांची छायाचित्रं पाहून रस्ते, पडलेल्या इमारती, लोकांनी ठोकलेल्या राहुट्या हे सगळं ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर काढत गेले. काही दिवसांत मदतपथकं तोच नकाशा हातातल्या यंत्रात घालून फिरू लागली. पुढे २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदत समन्वय कार्यालयाने अशी माहिती एका ठिकाणी ठेवणारं ‘ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंज’ सुरू केलं. कुठल्या जिल्ह्यात किती लोकसंख्या, कुठे दवाखाने, कुठला रस्ता बंद, हे प्रत्येक संस्थेने नव्याने शोधत बसू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

आता हेच आपल्याकडे आणू. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीत जाते. २०२१ च्या त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. तो आकडा वर डोंगरात मोजला गेला, पण त्याची किंमत खाली महाडच्या बाजारपेठेत राहणाऱ्याला मोजावी लागली. हवामान खात्याचे इशारे आणि कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावरचा मंडळनिहाय पाऊस कुणालाही पाहता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’वर दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत. ही माहिती खुली आहे म्हणून खालच्या अंगाला राहणारा माणूस आपल्या आईला आणि तिच्या इन्सुलिनला वेळेत वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे हलवू शकतो.

नकाशाचं महत्त्वही आपल्या भागात जास्त आहे. आपली गावं एकसंध नसतात, वाड्या-कोंडांत विखुरलेली असतात, आणि नावं तीच तीच असतात. ‘सुतारवाडीत दरड पडली’ असा निरोप आला तर रायगडातल्या पुष्कळांना आधी रोहा तालुक्यातली सुतारवाडी आठवेल. २०२१ ची दरड होती पोलादपूरच्या साखर गावाच्या सुतारवाडीत. तालुका, महसुली गाव आणि वाडी ही तिन्ही नावं एकत्र सांगितली नाहीत तर रुग्णवाहिका भलत्याच घाटात जाऊ शकते. तुमची वाडी खुल्या नकाशावर नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या तुमच्या मुलामुलींना ती घालता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

महाडची माहिती जगाला उपयोगी पडली, ती अशी

माहिती जमवून वाटण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला हैतीत शोधावं लागत नाही, ते आपल्याच तालुक्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत दगावत असत. डॉक्टरांनी रुग्णाशेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातपाय गार पडणं, फुप्फुसांत पाणी साठणं हे सगळं वेळेसकट लिहून ठेवलं. त्या नोंदींतून हे कसं घडतं ते उलगडलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर उपयोगी पडते हे दिसलं. १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि जिथे जिथे असे विंचू आहेत तिथल्या डॉक्टरांना त्याचा फायदा झाला. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

यात एक बारीक गोष्ट आहे. त्या नोंदी जगापुढे गेल्या, पण कुठल्या मुलाचं नाव, कुठल्या बाईचं घर जगापुढे गेलं नाही. आजार कसा वागतो ही माहिती सगळ्यांची झाली, आणि आजारी कोण होतं ही माहिती डॉक्टर आणि रुग्णांपुरती राहिली. मला या लेखातून जे सांगायचं आहे ते एवढंच आहे.

दोन पिशव्या

मी माझ्या रुग्णांना हे दोन पिशव्यांच्या भाषेत सांगतो.

पहिल्या पिशवीत जागेची माहिती. कुठला रस्ता बंद आहे, कुठल्या शाळेत निवारा आहे, तिथे किती जागा शिल्लक आहे, पिण्याचं पाणी कुठे मिळतंय, सर्पदंशाची लस कुठल्या रुग्णालयात आहे, डायलिसिसचं मशीन कुठे चालू आहे, कुठल्या वाडीत तापाचे रुग्ण वाढलेत. ही पिशवी सताड उघडी ठेवा. जितक्या लोकांना दिसेल तितकं चांगलं.

दुसऱ्या पिशवीत माणसाची माहिती. कुणाला टीबीचे औषध चालू आहे, कुणाला एचआयव्ही आहे, कोण गरोदर आहे, कुणाला मानसिक आजाराच्या गोळ्या लागतात, कुठल्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत, कुणाचा फोन नंबर काय. ही पिशवी बांधलेली हवी. ती फेकून द्यायची नाही, कारण मदतीसाठी ती लागतेच. पण ती ज्याला काम करायचं आहे त्याच्याच हातात हवी.

ही दुसरी पिशवी उघडी पडली की काय होतं? म्हातारी एकटी राहते, घराला कडी नाही, हे गटावर टाकलं तर ते चोरही वाचतो. टीबीच्या रुग्णाचं नाव निवाऱ्यातल्या फळ्यावर आलं तर शेजारचं कुटुंब अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत जातं, आणि तो माणूस पुढच्या वेळी आपला आजार लपवतो. लपवलेला टीबी गर्दीच्या निवाऱ्यात किती धोकादायक असतो, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्या संस्थांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. बांगलादेशात आश्रय घेतलेल्या रोहिंग्या निर्वासितांची माहिती, त्यांची नीट संमती न घेता, ज्या म्यानमारमधून ते जीव मुठीत धरून पळाले त्याच देशाच्या सरकारकडे गेली, असं ‘ह्युमन राइट्स वॉच’ने जून २०२१ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केलं की त्यांच्या संगणकांवर हल्ला होऊन ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. त्यांत ताटातूट झालेल्या आणि बेपत्ता लोकांची माहिती होती. दीडशे वर्षांहून जुन्या संस्थेवर ही वेळ येते, तर आपल्या व्हॉट्सॲप गटाची काय कथा!

आणखी एक गैरसमज दूर करतो. ‘नाव काढून टाकलं की झालं’ असं लोकांना वाटतं. मुंबईत ‘५० वर्षांची डायलिसिसवरची महिला’ म्हटलं तर कुणी ओळखणार नाही. पण अठरा घरांच्या वाडीत तसं म्हटलं तर अख्खी वाडी तिला ओळखते. वस्ती जितकी लहान, तितकी माहिती जपून द्यायला हवी. म्हणून ‘अमुक वाडीत एक डायलिसिस रुग्ण’ असं न लिहिता ‘तालुक्यात इतके डायलिसिस रुग्ण’ एवढंच जाहीर करावं आणि वाडीचं नाव फक्त रुग्णवाहिकेला आणि आरोग्य केंद्राला द्यावं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपत्तीच्या वेळी मदतीसाठी, संमतीची वाट न पाहता माहिती वापरायची मुभा ठेवली आहे. ते योग्यच आहे. बेशुद्ध माणसाची सही कुणी मागू नये. पण ही मुभा मदत करण्यापुरती आहे, गटावर टाकण्यासाठी नाही.

शिळी यादी

शिळं अन्न आपण वासावरून ओळखतो, शिळ्या यादीला वास नसतो. एप्रिल-मे २०२१ आठवा. ऑक्सिजन, बेड आणि इंजेक्शनच्या याद्या फोनवर फिरत होत्या. घरचा माणूस धापा टाकतोय आणि आपण चाळीस नंबर फिरवतोय, त्यातले बरेचसे बंद, काही चुकीचे, आणि ‘बेड काल सकाळीच संपले’ असं सांगणारे. त्याच काळात काही तरुण मुलांनी चांगली पद्धत पाडली. प्रत्येक नंबरपुढे ‘आज दुपारी साडेचारला फोन करून खात्री केली’ असं लिहायचं. यादी तीच असली तरी त्या एका ओळीने तिचा उपयोग वाढला.

२०१८ च्या केरळच्या पुरात तिथल्या सरकारने आणि स्वयंसेवी अभियंत्यांनी ‘केरळरेस्क्यू’ नावाचं संकेतस्थळ उभं केलं. अडकलेल्यांनी किंवा त्यांच्या परदेशातल्या नातेवाइकांनी त्यावर विनंत्या नोंदवल्या आणि अनेकांना मदत पोहोचली. पण एकाच घरासाठी अनेक नोंदी झाल्या, आणि सुटका झाल्यावर ‘आम्ही सुखरूप आहोत, नोंद काढा’ हे कळवायचं पुष्कळांच्या डोक्यात आलं नाही. यात कुणाचा दोष म्हणता येत नाही, जीव वाचल्यावर यादी कुणाला आठवणार? तरीही तुम्ही मदतीचा निरोप पाठवला असेल आणि मदत मिळाली असेल, तर त्याच गटावर ‘मदत मिळाली’ असं लिहा. त्या एका ओळीने एक होडी दुसऱ्या घराकडे वळते.

तापाची मोजणी

डॉक्टर म्हणून मला पुरानंतर सगळ्यात जास्त हवी असते ती तापाची मोजणी. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि पायावरच्या लहानसहान जखमांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, अशी सुरुवात होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत साधं अँटिबायोटिक सुरू झालं तर रुग्ण बहुधा बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं, यकृत, फुप्फुसं यांवर घाला येतो. पाण्यात उतरून आठवडाभराने, कधी दोन आठवड्यांनी ताप येतो, म्हणून लोक त्याचा पुराशी संबंध जोडत नाहीत. (चिखलात काम करणाऱ्यांना प्रतिबंधक गोळी देता येते, पण ती गरोदर बायका आणि लहान मुलांना चालत नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या.)

आता समजा, एका निवाऱ्यातून निरोप आला, ‘वीस जणांना ताप.’ हे वीस कितीतले? साठ जणांतले असतील तर मी धावत सुटेन, सहाशेतले असतील तर लक्ष ठेवीन. आजचे वीस की आठवड्याचे मिळून वीस? ताप थर्मामीटरने मोजला की अंगाला हात लावून? काल किती होते? हे चार प्रश्न कुणी विचारले तर राग मानू नका. त्यांच्या उत्तरांवरच साथ ओळखू येते.

या मोजणीसाठी एकाही रुग्णाचं नाव गटावर जायची गरज नाही. तारीख, वाडी, माणसं किती, ताप किती, जुलाब किती, मोजणाऱ्याचं नाव. सहा रकाने पुरेत. रोज संध्याकाळी एकाच वेळी भरले तर चौथ्या दिवशी आकडे स्वतःच बोलू लागतात. सरकारची रोग सर्वेक्षण यंत्रणा याच तत्त्वावर चालते, पण तिला माहिती पुरवणारे डोळे वाडीतलेच असतात.

तुम्ही काय करावं

१. घरचा औषधांचा कागद करा. प्रत्येकासाठी एक. त्यावर नाव, वय, रक्तगट माहीत असल्यास तो, आजार, औषधाचं पाकिटावर छापलेलं घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम, किती वेळा, कशाची ॲलर्जी, कुठलं ऑपरेशन, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव, आणि दुसऱ्या गावात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन. कंपनीचं नाव लिहिलं नाही तरी चालेल, घटकाचं नाव मात्र हवंच, कारण मदतीत येणारी औषधं वेगळ्या कंपन्यांची असतात. तारीख टाका. औषध बदललं की कागद बदला.

२. तो तीन ठिकाणी ठेवा. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आठवड्याच्या गोळ्यांसोबत. दुसरा फोनमध्ये फोटो काढून. तिसरा फोटो मुंबई-पुण्याच्या मुलाकडे किंवा बहिणीकडे. घर पाण्यात गेलं, फोन भिजला, तरी तिसरा उरतो.

३. आशाताईंना खरं सांगा. कुणाची बाळंतपणाची तारीख पावसाळ्यात आहे, कुणाला डायलिसिस, इन्सुलिन किंवा फिट्सच्या गोळ्या लागतात, हे त्यांच्या वहीत असू द्या. दरड पडायच्या आधी कुणाला हलवायचं हे त्या वहीवरून ठरू शकतं. ती वही त्यांनी कुणाला दाखवू नये, हा आग्रहही धरा.

४. वाडीची ‘आज घरात कोण’ यादी ठेवा. अतिवृष्टीचा इशारा आला की पोलीस पाटलांकडे किंवा वाडीने ठरवलेल्या एका माणसाकडे प्रत्येक घराने माणसांची नावं आणि वयं द्यायची. मुंबईहून आलेले धरून, मुंबईला गेलेले वगळून. कागदावर, पेन्सिलने. त्याची एक प्रत वाडीबाहेरच्या माणसाकडे. संकट टळलं की फाडून टाका. काम संपल्यावर ती जपून ठेवायचं कारण नाही.

५. निरोप पाठवताना तालुका, गाव, वाडी, वेळ आणि पाहणाऱ्याचं नाव लिहा. गटावर रुग्णाचं नाव, आजार किंवा फोटो नको. तो तपशील १०८ च्या रुग्णवाहिकेला, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा आरोग्य केंद्राला थेट सांगा.

६. फॉर्म भरून घेणाऱ्याला विचारा. पुरानंतर मदतीच्या नावाने आधार, बँक खातं, आजार असं सगळं लिहून घेणारे अनेक जण येतात. बहुतेक जण प्रामाणिक असतात. तरी तीन गोष्टी विचारायला लाजू नका. ही माहिती कशासाठी? कुणाकडे जाणार? काम झाल्यावर तिचं काय होणार? चादरी वाटायला बँकेचा ओटीपी लागत नाही.

काही जण म्हणतील, डॉक्टर, जीव वाचवायची वेळ आली की एवढा विचार कोण करतो? बरोबर आहे, त्या वेळी कुणीच करत नाही. म्हणूनच मे महिन्यात, कौलं शाकारून घेता, गवत-लाकूड भरून घेता, तेव्हाच हे काम करायचं. त्याला एक वही, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक दुपार पुरते.

तुमच्या घरातल्या सगळ्यात जास्त गोळ्या घेणाऱ्या माणसापासून सुरुवात करा. आज रात्री जेवण झाल्यावर त्यांचा औषधांचा डबा समोर घ्या आणि पाकिटांवरची नावं उतरवून काढा. अक्षर बारीक असलं तर नातवंडांना वाचायला सांगा. एखादं नाव लागलं नाही तर पाकीट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे किंवा मेडिकलवाल्याकडे जा, ते लिहून देतील.